आमच्या घरात आलेली खाडी

जलतरंग सोसायटीच्या माहितीपत्रकावर एक तळं होतं, तळ्यात दोन राजहंस होते आणि काठावर गोरीगोमटी मुलं चेंडू खेळत होती. ते पत्रक बघून अण्णांनी तळमजल्यावरचं घर घेतलं. प्रत्यक्षात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर खाजण होतं. गुडघाभर काळा चिखल, त्यात दाटीने उभी तिवरं, आणि राजहंसांच्या जागी निवट्या, म्हणजे पोटावर सरपटणारे, डोळे वटारलेले बोटभर मासे. वास्तुशांतीला आलेल्या आत्याने खिडकीतून त्यांच्याकडे बघून विचारलं होतं, "हे तुमच्या सोसायटीचे मेंबर का रे?" अण्णांना राग आला. ते तेव्हा नुकतेच सेक्रेटरी झाले होते.

मीरा रोडला त्या वेळी इमारती भराभर उठत होत्या, पण आमच्या मागे काही नव्हतं. खाजण, मग नाळ म्हणजे पाण्याची अरुंद वाट, मग खाडी. भरती आली की नाळेतून पाणी तिवरांच्या मुळांपाशी शिरायचं आणि सगळा चिखल बुडबुडे सोडत बोलायला लागायचा. आईचा दिवस घड्याळापेक्षा त्या आवाजावर चालायचा. "पाणी चढायला लागलं, भात टाकते," असं ती म्हणायची आणि तिचा भात कधी चुकला नाही. ओहोटीला वास यायचा. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे, आम्हाला तो कळायचाही नाही. पुढे लग्न होऊन मी पुण्याला गेले, तेव्हा पहिले कित्येक दिवस हवेत काहीतरी कमी आहे असं वाटत राहिलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "प्रदूषण कमी असेल."

अण्णा गोरेगावला रबराच्या कारखान्यात डिस्पॅचला होते. नोटिसा लिहिणं हा त्यांचा खरा पिंड. जिन्यात थुंकू नये, गच्चीवर पापड वाळत घालण्यापूर्वी नाव नोंदवावे, सायकली आडव्या लावू नयेत, सगळं एका वळणदार अक्षरात आणि शेवटी "आज्ञेवरून". कोणाची आज्ञा, ते कधी कळलं नाही. त्यांचं मूळ गाव रायगडात, समुद्राला बांध घालून काढलेल्या खारजमिनीतलं. रविवारी चिंबोऱ्यांचं कालवण जेवता जेवता ते बांधावर बोलायला लागले की आई नुसती मान हलवत नांग्या फोडत राहायची. बांधाचा पाया किती रुंद हवा, पोटात पेंढा कसा घालायचा, पाणी बाहेर सोडायला लाकडी झडपेची उघाडी कुठे ठेवायची, हे सगळं मला वयाच्या बाराव्या वर्षी पाठ होतं. त्याचा मला पुढे असा उपयोग होईल, हे त्यांच्या किंवा माझ्या स्वप्नातही नव्हतं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. विषय वनस्पतिशास्त्र, कारण बाकी कुठे नंबर लागला नव्हता. त्या वर्षी पाऊस संपल्यावर एका बिल्डरच्या डंपरांनी नाळेच्या तोंडावर मुरूम आणि तोडलेल्या इमारतींचा राबिट ओतून आडवा बांध घातला. भरतीचं पाणी खाजणात यायचं बंद झालं. मग रोज दहा-वीस डंपर येऊन एका बाजूने खाजणात भराव टाकायला लागले. दिवाळीपर्यंत तिवरांची पानं पिवळी पडली. संक्रांतीला निवट्या दिसेनाशा झाल्या. चिखल तडकला, आवाज थांबला आणि आईचा भात दोनदा करपला. सोसायटीत मात्र आनंद होता. बिल्डरच्या सुपरवायझरने सांगितलं होतं की इथे रस्ता होणार आणि शेजारी बाग. अण्णांनी लगेच बागेत कुत्री आणू नयेत अशी नोटीस लिहूनही ठेवली होती. त्यांना एकाच गोष्टीचा राग होता. त्यांनी सुपरवायझरला सांगितलं, "अहो, याला उघाडी नाही ठेवलीत तुम्ही," तर तो म्हणाला, "अंकल, ये गाँव का खेत नहीं है."

दिलीप सरांचा बारावीचा क्लास बेकरीच्या वरच्या खोलीत होता. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. सरांना दाढी होती आणि त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की परदेशात लोक झाडांवर राहतात, यंत्रांना स्वतःला साखळीने बांधून घेतात, आणि सरकारं हादरतात. सरांनी 'खाजण मुक्ती दल' स्थापन केलं. सभासद तीन: सर, मी आणि माझी मैत्रीण रुबिना. रुबिनाच्या घरी तिला सिनेमाला जायची परवानगी नव्हती, पण झाडं वाचवायला होती, म्हणून ती आली होती. "पेड़ों के नाम पे घर से तो निकली," असं ती उघडपणे म्हणायची. सर मात्र गंभीर असायचे. "आंदोलनाला दोनच गोष्टी लागतात, निर्धार आणि साखळी," ते म्हणायचे. साखळी त्यांनी विकत आणली होती.

दलाची पहिली कृती अशी झाली. एका सकाळी सरांनी खाजणातल्या सगळ्यात जाड तिवराला, म्हणजे साधारण माझ्या दंडाएवढ्या, स्वतःला साखळीने बांधून घेतलं आणि कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकताना ती चिखलात पडली. ते बघून सर वाकले तेव्हा चष्माही पडला. डंपर पलीकडच्या बाजूला राबिट ओतत होते. त्यांना सर दिसतही नव्हते. दीड तास आम्ही दोघी घोषणा देत होतो आणि मधूनमधून चिखल चाचपत होतो. शेवटी एक डंपरवाला आडोशाला म्हणून इकडे आला. त्याने सरांना बघितलं आणि खरोखर घाबरून विचारलं, "मास्टरजी, आपको किसने बाँधा?" सरांनी भाषण सुरू केलं. तो बिचारा धावत जाऊन जॅकचा दांडा घेऊन आला, त्याने कुलूप फोडलं, सरांना पाणी पाजलं आणि पोलिसात जायचं असेल तर मी साक्ष देईन म्हणाला.

हे सगळं आमच्या गेटवरून फिलोमिना मावशी बघत होती. ती उत्तनची, आठवड्यातून तीनदा टोपली घेऊन यायची. पापलेट आणि बोंबील तिच्या गावच्या बोटींचे, चिंबोऱ्या मात्र ती आमच्या खाडीतल्या बायकांकडून घ्यायची. बांध पडल्यापासून चिंबोऱ्या नव्हत्या आणि त्यामुळे मावशी चार महिने चिडलेली होती.

"वैशू," ती मला म्हणाली, "तुजा मास्तर झाराला कशाला बांदून घेते? झार इथं हाय, बांद तिथं हाय."

"मग काय करायचं मावशी?"

"काय करायचा म्हंजे? पानी भायेर हाय, झारा आत हान. मदी काय हाय ता कारा."

मधला बांध काढायचा, इतकं सोपं आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं. आज पर्यावरण दिनाला शाळांमधून मला बोलावतात, तिथे मी लोकशक्ती, निसर्गाचं भान वगैरे शब्द वापरते. खरं सांगायचं तर आमच्या दलाचं सगळं तत्त्वज्ञान कोलंबी निवडता निवडता फिलोमिना मावशीने दिलेल्या त्या एका वाक्यात होतं.

दिवसही तिनेच ठरवला. अमावास्येनंतरचा रविवार, त्या दिवशी मोठं उधाण होतं आणि पाणी भर दुपारी चढणार होतं. रविवारी डंपर बंद असायचे. शिवाय त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती, सकाळी नऊपासून. बांधावर पत्र्याच्या शेडमध्ये एक वॉचमन असायचा, तो पहिली ओव्हर पडायच्या आत पानवाल्याच्या टीव्हीसमोर जाऊन उभा राहिला. मी अण्णांच्या खुंटीवरून मीटर-रूमची किल्ली घेतली आणि सोसायटीच्या बागकामाची कुदळ काढली. आमच्याकडे बाग नव्हती, पण बागकामाची कुदळ होती. लायब्ररीत जाते असं सांगून मी निघाले. गोणपाटात गुंडाळलेली कुदळ खांद्यावर घेऊन लायब्ररीत जाणाऱ्या मुलीला मॅचच्या दिवशी कोणी काही विचारत नाही.

बांधावर मावशी आधीच पदर खोचून उभी होती. सरांनी मोठ्ठा खड्डा घ्यायला सुरुवात केली, तर तिने त्यांच्या हातातून कुदळ काढून घेतली. "विहीर खनतंस काय? हाताएवरी वाट दे. बाकीचा पानी करल." मग मी खणलं. रुबिना घमेल्याने माती बाजूला टाकत होती. सरांना पहाऱ्यावर उभं केलं होतं, शिट्टी देऊन. पण पानवाल्याकडून गलका ऐकू आला की त्यांना राहवायचं नाही. दर दहा मिनिटांनी ते धावत येऊन स्कोअर सांगून जायचे. मुरूम निबर होता. हाताला फोड आले, ते फुटले, दांडा चिकट झाला. अण्णांचे बांधावरचे सगळे धडे मला आठवत होते आणि मी ते उलटे वापरत होते. पेंढा नाही, पाया अरुंद, खाडीच्या अंगाला दगड नाहीत. हा बांध नव्हताच, नुसता ढीग होता. अकराच्या सुमाराला खाडीच्या बाजूने फेसाची एक दोरी आत आली. मळकट, काड्याकुड्या घेऊन, चाचपडत. मग ती जाड झाली. कडेचा एक तुकडा धप्पकन पाण्यात पडला, मग दुसरा. मावशीने मला दंडाला धरून मागे खेचलं. आम्ही उभ्या होतो तिथे पाचेक मिनिटांत पाणी धो धो चाललं होतं.

तडकलेल्या चिखलावरून ते पसरत गेलं. भेगांमधून बुडबुडे यायला लागले. चार महिन्यांनी तो आवाज ऐकू आला आणि रुबिना, जी फक्त घराबाहेर पडायला म्हणून आली होती, ती हमसून हमसून रडायला लागली. मावशीने क्रूसाची खूण केली. सर म्हणाले, "एकशे चौदाला तीन."

मी घरी आले, हातपाय धुतले, हातांना हळद लावली आणि आईला सांगितलं की लायब्ररीच्या लोखंडी कपाटाने सोललं. आई कालवण ढवळत होती. अण्णा टीव्हीसमोर. मी ताटं घेत होते तेवढ्यात मोरीतून आवाज आला, घशात काही अडकल्यासारखा. मोरीच्या भोकातून पाणी वर येत होतं. आईने आत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "अहो, तुंबलंय बहुतेक." अण्णा उठले. वाकून त्यांनी पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"खांड गेली," ते म्हणाले.

बांधाला भगदाड पडतं त्याला त्यांच्या गावी खांड म्हणतात. तो शब्द मी शंभरदा ऐकला होता, पण त्या आवाजात कधीच नाही. पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यावर ते जिन्यात धावले. "मेन स्विच बंद करा! धान्य वर उचला! आधी धान्य!" तोवर पाणी उंबऱ्यावरून घरात आलं होतं, गढूळ, कोमट, आमच्या ओळखीच्या वासाचं. आईने तांदळाचा डबा ओट्यावर चढवला, वर देव ठेवले आणि त्यांच्या शेजारी कालवणाचं पातेलं. मी नुसती उभी होते. हे पाणी तिवरांपाशी थांबायला हवं होतं. लहानपणापासून मोठमोठी उधाणं बघितली होती, एकदाही ते कुंपणापर्यंत आलं नव्हतं. पण तेव्हा खाजण रिकामं होतं. आता अर्ध्या खाजणात पुरुषभर उंच भराव होता आणि पाण्याला पसरायला जागा उरली नव्हती, हे माझ्या वनस्पतिशास्त्राच्या किंवा सरांच्या निर्धाराच्या लक्षात आलं नव्हतं. मावशी उत्तनची. तिला पाणी माहीत होतं, आमची सोसायटी नव्हती.

तळमजल्यावर आठ घरं. समोर हंसाबेन राहायच्या, त्यांनी आदल्याच आठवड्यात वर्षाचे गहू भरले होते. तीन पोती खालून भिजली. त्यात एक जिवंत चिंबोरी पाण्याबरोबर त्यांच्या स्वयंपाकघरात शिरली आणि नांग्या उगारून थेट ओट्याखाली जाऊन बसली. हंसाबेन जैन. त्या स्टुलावर चढून किंचाळत होत्या, "मारता नहीं! कोई मारता नहीं! पर निकालो!" मी वाकून ती चिंबोरी पाठीमागून धरली आणि खिडकीतून बाहेर सोडली. चार महिन्यांत दिसलेली ती पहिली चिंबोरी. शाळांमधल्या भाषणात मी ही चिंबोरी सांगते, मुलं हसतात. गहू सांगत नाही.

कोपऱ्यातल्या घरात लतीफचाचा होते, शिलाईवाले. पुढच्या खोलीत मशीन आणि भिंतीशी जमिनीवर पसरलेल्या चादरीवर एकाच घरच्या लग्नाचे कपडे होते, नवरीचा लाल शरारा, बहिणींचे, मावश्यांचे. अण्णा आणि दुसऱ्या मजल्यावरचे दोघे मिळून मशीन जिन्यावर नेत होते. चाचा पोटरीभर पाण्यात उभे राहून तो शरारा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून होते. त्याचा लाल रंग निथळून त्यांच्या पांढऱ्या दाढीवर, सदऱ्यावर उतरत होता. मी दारात उभी होते. ते मला म्हणाले, "बेटी, तू ठीक है ना? लगा तो नहीं?" माझ्या हळद लावलेल्या हातांकडे बघून म्हणाले.

दीड तासाने पाणी गेलं. मागे बोटभर काळा गाळ राहिला. मॅच कोण जिंकलं ते आमच्या इमारतीत दुसऱ्या दिवशी कळलं.

संध्याकाळी ओहोटीला सगळे बांधावर गेले. कमिटीचे तिघे, वॉचमन, स्कूटरवरून आलेला सुपरवायझर, आणि अण्णा, कारण या विषयातलं कळणारे तेच एक होते. मीही मागून गेले. न जाणं जास्त संशयास्पद दिसेल असं वाटलं. पाण्याने खांड चांगली दहा-बारा फूट रुंद केली होती. पण एका बाजूला, वरच्या अंगाला, कुदळीचे घाव होते. तिरके, एकाखाली एक, स्वच्छ. मला ते अंधारातही दिसले असते. सुपरवायझर म्हणाला, "सेक्रेटरी साब, ये तोड़ा है ना किसीने? आप बोलो, मैं कंप्लेंट लिखवाता हूँ." अण्णा उकिडवे बसले. त्यांनी त्या घावांवरून हळूच तळहात फिरवला. फिरवता फिरवता त्यांची माती खाली पडली आणि घाव गेले.

"चिंबोऱ्या," ते म्हणाले.

"क्या?"

"केकडा. बिळं करतात. पोखरलाय आतून. पेंढा नाही, उघाडी नाही, पाया नाही. याला बांध म्हणता तुम्ही? आमच्या गावात असा बांध घालणाऱ्याला कोणी मुलगी देत नाही." मग सगळ्यांसमोर त्यांनी चिंबोऱ्यांच्या बिळांवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. चार महिने त्या बांधात एकही चिंबोरी नव्हती, हे फक्त मला आणि त्यांना माहीत होतं.

परतताना ते माझ्यासोबत मागे राहिले. "कुदळ जागेवर ठेवलीस?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "हात दाखव." मी दाखवले. मला वाटलं आता थोबाडीत बसेल आणि ती बसली असती तर बरं झालं असतं.

"मी नऊ वर्षांचा होतो," ते म्हणाले. "आमच्या बांधाला खांड गेली तेव्हा. अख्खा गाव पाण्यात उतरला होता, बायाबापड्यासुद्धा. पेंढा, दगड, दारांच्या फळ्या, जे मिळेल ते टाकत होतो. माझ्या बापाने आमचं दार काढून टाकलं त्यात. नाही थांबलं. तीन वर्षं भात झाला नाही त्या जमिनीत. मग आम्ही मुंबईला आलो." थोडं चालून ते म्हणाले, "आणि तू हाताने फोडलास."

"तिवरं मरत होती अण्णा."

"दिसत होतं मला. आंधळा नाही मी. मी पत्र लिहिणार होतो."

"कोणाला?"

घर आलं तेव्हा त्यांनी बादली आणि खराटा माझ्या हातात दिला. "आठ घरं आहेत. आपलं शेवटी. आणि लतीफला तू जाऊन सांगायचंस. मी नाही सांगणार आणि तुझी आई नाही सांगणार."

आठ घरांचा गाळ काढायला मला तीन दिवस लागले. रुबिना रोज आली. सरही आले, एक घर त्यांनी खरंच छान धुतलं. हंसाबेनचे भिजलेले गहू गच्चीवर पसरून मी राखत बसले, तरी निम्म्याच्या वर वास मारायला लागले. मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, ते राहूनच गेलं. लतीफचाचांना सांगितलं. ते भिंतीला टेकून बसले होते, समोर दोरीवर तो शरारा, गुलाबी डागांचा. मी एका दमात सगळं बोलून टाकलं. त्यांनी शेवटी विचारलं, "तुरपाई आती है?"

"थोडी."

"थोड़ी से नहीं चलेगा. बैठ."

त्यांनी स्वतः नवरीच्या घरी जाऊन हात जोडले आणि नवा कपडा उधारीवर आणला. लग्नापर्यंत रोज कॉलेजनंतर मी त्यांच्यापाशी बसून कडा दुमडत, तुरपाई करत राहिले. माझे टाके वाकडे आले की ते उसवायचे आणि पुन्हा द्यायचे. शेवटच्या आठवड्यात उसवणं थांबलं. त्यांनी मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी इमारतीत कोणाला सांगितलं नाही, एवढं माहीत आहे. आजही कुठे तावातावाने "काय वाटेल ते करावं लागलं तरी चालेल" असं म्हणणारी तरुण मुलं भेटली की मला तो लाल रंग दाढीवर ओघळताना दिसतो. मी त्यांना थांबवत नाही. फक्त तळमजल्यावर कोण राहतं ते विचारून या, एवढं सांगते.

सोसायटीची सभा झाली. रस्ता हवा म्हणणारे आता पाणी नको म्हणत होते. अण्णांनी फळ्यावर खाजण काढलं, भराव काढला, बाण काढले, आणि पाणी घरात का आलं ते समजावून सांगितलं. "भराव वाढला तर पुढच्या वेळी कंबरभर येईल. आणि त्यांनी खांड बुजवली तरी हा बांध टिकणारा नाही. पाण्याला बसायला जागा ठेवा म्हणावं." ठराव झाला. तोवर उधाण पुन्हा घरात येऊ नये म्हणून अण्णांनी मागच्या कुंपणाला पेंढा घालून, उघाडी ठेवून गुडघाभर बांधही घालून घेतला. पत्रं गेली, तीन कार्यालयांना, आज्ञेवरून. पंधरा दिवस उत्तर आलं नाही. सोळाव्या दिवशी, सोमवारी सकाळी, खांड बुजवायला डंपर आले.

मी खिडकीतून बघितलं आणि सरांकडे धावायला चपला घातल्या. अण्णा ऑफिसला निघाले होते, इस्त्रीचा शर्ट, बूट, बगलेत डब्याची पिशवी. त्यांनी खिडकीतून एकदा बाहेर बघितलं. मग सोसायटीच्या ऑफिसातली घडीची लोखंडी खुर्ची उचलली आणि मागच्या गेटने चालायला लागले. मी मागे. आई गॅस बंद करून माझ्या मागे. अण्णा बांधावरून खांडीत उतरले, मधोमध जरा कोरडी जागा बघून खुर्ची उघडली, ती चिखलात नीट रोवली आणि तिच्यावर बसले. डबा मांडीवर ठेवला.

पहिला डंपर मागे मागे येत होता, त्याने करकचून ब्रेक मारला. सुपरवायझर धावत आला. "अंकल, क्या कर रहे हो? उठो!"

"कॅज्युअल लीव्ह टाकलीये," अण्णा म्हणाले. "संध्याकाळी पाचपर्यंत."

"यहाँ मट्टी डालनी है!"

"डालो."

सुपरवायझरने आरडाओरडा केला, फोन लावला, पोलिसांची भीती घातली. अण्णांनी त्याला आमच्या पत्रांच्या जावक नंबरांसह तारखा सांगितल्या, त्या त्यांना पाठ होत्या. डंपरवाला खाली उतरून चाकाला टेकून उभा राहिला. तो तोच होता, कुलूप फोडणारा. त्याने मला हळूच विचारलं, "इनको भी किसीने बाँधा है क्या?" तोवर खबर पसरली होती. दिलीप सर साखळी घेऊन धापा टाकत आले. "अण्णासाहेब, मीही बसतो, आपण दोघं एकत्र..." अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं. ऊन चढलं होतं. "छत्री आहे का?" त्यांनी विचारलं. सरांनी रुबिनाची फुलाफुलांची छत्री घेतली आणि पुढचे दोन तास अण्णांच्या डोक्यावर धरून उभे राहिले. सरांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात यशस्वी आंदोलन. हंसाबेन ताक घेऊन आल्या. लतीफचाचा आले आणि बांधावर उकिडवे बसले.

अकराला पाणी चढायला लागलं. नाळेतून फेस आला, अण्णांच्या बुटांपाशी आला, बुटांवरून पुढे गेला. आई वरून ओरडली, "अहो, बूट!" अण्णांनी वाकून बूट काढले, त्यात मोजे कोंबले आणि ते मांडीवर डब्याशेजारी ठेवले. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग पोटरीला लागलं. खुर्ची जरा कलली, तसे ते दुसऱ्या बाजूला रेलले. भरतीच्या पाण्यात मुरूम ओतून काही उपयोग नव्हता, वाहून गेला असता, हे डंपरवाल्यालाही कळत होतं. त्याने इंजिन सुरू केलं आणि सुपरवायझरला न विचारताच गाडी वळवली. त्याच्या मागे दुसऱ्याने वळवली. सुपरवायझर थोडा वेळ एकटाच उभा होता, मग त्यानेही स्कूटरला किक मारली.

खांड त्यानंतर कोणी बुजवली नाही. भरावाचा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. जेवढा पडला होता त्यावर आज टॉवर आहे, बाकीच्या अर्ध्यात तिवरं आहेत. पण त्या दुपारी हे कोणाला माहीत नव्हतं. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो, सर घोषणा देत होते, रुबिना नाचत होती. अण्णा पाण्यात उभे राहिले, खुर्चीची घडी केली, ती सरांच्या हातात दिली आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"साडेअकरा," ते म्हणाले. "हाफ डे लागेल." आणि ओल्या पँटीने, हातात बूट घेऊन ते स्टेशनच्या रिक्षाकडे चालायला लागले.